पियानोवर दस्तगाह वाजवायचा तर कोरोन सुराचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: तुमची पियानोची आठवी ग्रेड झाली आहे, घरात हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलात, इराणी पियानोवादकांची काही ध्वनिमुद्रणं ऐकून भारावलात आणि आता ‘शूर’ किंवा ‘चहारगाह’ या दस्तगाहांवर, म्हणजे इराणी शास्त्रीय संगीतातल्या स्वरव्यवस्थांवर, स्वतःची सात-आठ मिनिटांची रचना करायची आहे. अडचणी दोन सांगितल्यात. पियानोवर ते मधले, पाव सुराने उतरलेले ‘कोरोन’ स्वर नाहीत, मग रचना करायची कशी? आणि हे संगीत आपलं नसताना ते नकली तर वाटणार नाही ना?

मी पियानो शिकवते, स्वतः रचना करते, आणि पुण्यात शिकायला आलेल्या एका इराणी संतूरवादकाकडे बसून थोडा रदीफ, म्हणजे दस्तगाहांच्या सुरावटींचा पारंपरिक साठा, शिकले आहे. तेवढ्या बळावर सांगते. मधल्या सुराची अडचण खरी आहे, पण तिचा नंबर दुसरा लागतो. तो सूर मिळवायचे रस्ते आहेत, आणि तो न मिळवताही उत्तम पियानोसंगीत खुद्द इराणमध्ये झालेलं आहे. खरी मेख वेगळीच आहे. पियानोसमोर बसलं की आपला डावा हात सवयीने कॉर्ड लावायला जातो आणि तिथेच दस्तगाह हातातून सुटतो. म्हणून आधी ठरवायचं ते डावा हात काय करणार हे. कोणती पट्टी किती उतरवायची, उतरवायची की नाही, हे त्यानंतर.

बाकी बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे. पियानो घरचा आहे की सभागृहाचा? डिजिटल आहे का? रचना तुम्हीच वाजवणार की छापून दुसऱ्याच्या हातात देणार? ऐकणाऱ्यांमध्ये इराणी संगीत जाणणारं कुणी असणार आहे का? दुसऱ्याने वाजवायची असेल तर जुळवणी बदलायला लावणारी रचना बहुतेक कपाटातच राहते, हे लक्षात ठेवा.

आता दस्तगाहाबद्दल, कारण आपल्याकडचा माणूस त्याला चटकन राग समजतो. सात दस्तगाह आहेत: शूर, होमायून, सेगाह, चहारगाह, माहूर, रास्त-पंजगाह आणि नवा. त्यांच्या जोडीला पाच उपशाखा, ज्यांना आवाज म्हणतात: अबू अता, दश्ती, अफशारी, बयात-ए-तुर्क या शूरच्या, आणि बयात-ए-इस्फहान ही होमायूनची. प्रत्येक दस्तगाहात अनेक छोटे सुरावटींचे नमुने ठरावीक क्रमाने येतात, त्यांना गूशे म्हणतात. हा सगळा साठा म्हणजे रदीफ. मिर्झा अब्दुल्ला (१८४३–१९१८) यांच्या घराण्याचा रदीफ आज सर्वांत जास्त शिकवला जातो.

आपण रागात एकाच स्वरूपाचा विस्तार करत राहतो. दस्तगाहात मुक्काम हलत जातो. सुरुवात खालच्या सुरांत दरामदने, म्हणजे आरंभाच्या सुरावटीने, होते, मग एकेक गूशे वर सरकतो, प्रत्येकाचा ठाण मांडण्याचा सूर, म्हणजे शाहेद, वेगळा असू शकतो, मध्येच एखादा स्वर बदलतो, आणि मग ‘फुरूद’ घेऊन मूळ घरी परत यायचं. चहारगाहात दरामद सा भोवती फिरतं, मग ज़ाबोल हा गूशे गंधारावर जातो, हिसार पंचमाकडे, मुखालिफ त्याच्याही वर, आणि मन्सूरीत चढाचा कळस. म्हणजे तुम्ही नुसती ‘चहारगाहचं सप्तक’ घेऊन बसलात तर तुमच्या हातात फक्त सात पट्ट्या आहेत. रचनेचा कच्चा माल गूशे आहे. एक दरामद आणि दोन गूशे पाठ करा, तेवढ्यात आठ मिनिटं सहज निघतात.

आता तो मधला सूर. संगीतकार अली-नकी वझीरी (१८८७–१९७९) यांनी पाव सुराने उतरलेल्या स्वरासाठी ‘कोरोन’ आणि पाव सुराने चढलेल्यासाठी ‘सोरी’ ही चिन्हं रूढ केली, आणि सप्तकाचे २४ समान भाग कल्पिले. चिन्हं टिकली, समान भागांची कल्पना मात्र प्रत्यक्षाशी जुळत नाही. संगीताचे अभ्यासक हुर्मुज़ फरहात यांनी तार आणि सेतार या इराणी तंतुवाद्यांच्या पडद्यांवरून जी अंतरं काढली ती साधारण अशी: लहान अर्धस्वर ९० सेंट, मग १३५ आणि १६० अशी दोन मधली अंतरं, पूर्ण स्वर २०४, आणि एक मोठं अंतर सुमारे २७०. पियानोवरचा अर्धस्वर १०० सेंटचा असतो, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचा. ही अंतरं लवचिक आहेत, वादकागणिक थोडी हलतात. पण ट्यूनरला ‘बरोबर ५० सेंट उतरव’ सांगणं पुरेसं नाही, इतकं त्यातून नक्की कळतं.

या आकड्यांवरून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. टेम्पर्ड, म्हणजे नेहमीसारख्या समान अर्धस्वरांत जुळवलेल्या, पियानोवर सगळ्या दस्तगाहांचं नुकसान सारखं होत नाही.

चहारगाह ‘सी’वर घ्या: सी, डी कोरोन, ई, एफ, जी, ए कोरोन, बी. इथे डी कोरोन ‘सी’पासून सुमारे १३५ सेंटवर आहे. पियानोचा डी फ्लॅट १०० वर. फरक ३५ सेंटचा. तुम्ही डी फ्लॅट आणि ए फ्लॅट वाजवलेत तर चहारगाह विरूप होतो, पण ओळखू येतो. आपल्या लोकांची पंचाईत वेगळी: त्यांना तो थेट भैरव वाटतो. स्वर तेच आहेत ना! म्हणून रिषभावर आंदोलन देऊ नका, ‘ग म रे सा’ अशी उतरण टाळा, आणि दरामदनंतर गंधारावर ज़ाबोलचं ठाण चांगलं पक्कं करा. माझ्या वर्गात हे ऐकवलं की पहिल्या दोन ओळींना माना ‘भैरव’ म्हणून डोलतात आणि ज़ाबोलला थबकतात. ते थबकणंच तुम्हाला हवं आहे.

होमायूनचंही असंच, तिथे कोरोनच्या जागी फ्लॅट घेतलात तर बसंत मुखारीचे स्वर हातात येतात. इस्फहान तर पियानोचा जुना मित्र. त्याचा सहावा स्वर कोरोन आहे, तो कोमल केला की पाश्चात्त्य हार्मोनिक मायनर, म्हणजे आपल्या कीरवाणीचे स्वर. माहूर मेजर स्केलच्या, म्हणजे बिलावलच्या इतका जवळ आहे की नवशिके त्याला बिनधोक समजतात. पण माहूरमध्येच दिलकश नावाचा गूशे येतो, तिथे पंचमावर शूरची चाल सुरू होते, आणि कोरोन पुन्हा दारात हजर.

शूर मधोमध आहे. ‘डी’वर घेतला तर डी, ई कोरोन, एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी. ई फ्लॅट घेतलात तर भैरवीचे स्वर, ई नॅचरल घेतलात तर आसावरी थाटाचे. ई कोरोन या दोघांच्या मध्ये, ‘डी’पासून १३५ ते १६० सेंटच्या पट्ट्यात. कुठलाही पर्याय घ्या, काहीतरी मोठं हरवतं.

आणि सेगाह: टेम्पर्ड पियानोवर सेगाह करू नका. त्याचा शाहेद आणि शेवटी विसावण्याचा सूर, दोन्ही कोरोन स्वरावरच आहेत. ज्या सुरावर परत यायचं तोच वाद्यात नाही.

इराणी पियानोवादकांनी यावर काय केलं ते पाहिलं तर तुम्हाला दोन ठळक वाटा दिसतील. पियानो तिथे १९व्या शतकात राजदरबारी आला. संतूरवादक मोहम्मद सादिक खान, दरबारी किताब सुरूर-उल-मुल्क, यांनी तो इराणी सुरांत जुळवला असं मानतात. संतूरवाल्याच्या हातून हे व्हावं यात आश्चर्य नाही, कारण त्याला दस्तगाह बदलला की वाद्य नव्याने जुळवायची सवयच असते. हीच वाट मुर्तझा महजूबी (१९००–१९६५) यांनी शिखरावर नेली. पट्ट्या उतरवून जुळवलेला पियानो, दोन्ही हातांत बहुतेक एकच सुरावट सप्तकाच्या अंतराने, कॉर्ड जवळपास नाहीतच, आणि लिहायला स्वतःची वेगळी चिन्हलिपी. १९५६ पासून तेहरान रेडिओवर ‘गोलहा’ कार्यक्रम सुरू झाले, त्यांत बनानसारख्या गायकाच्या आवाजाला महजूबींचा पियानो कसा उत्तर देतो ते ऐका. गायकाची ओळ संपते, पियानो तीच ओळ आपल्या बोलीत म्हणतो आणि गप्प बसतो. ख्याल गायकाच्या मागे पेटीवाला करतो तेच हे काम.

दुसरी वाट जवाद मारूफी (१९१२–१९९३) यांची. नेहमीसारखा जुळवलेला पियानो, डाव्या हाताला मोकळे तुटक कॉर्ड, शोपँच्या वळणाचं वाजवणं आणि त्यावर इराणी सुरावट. त्यांची ‘खाबहा-ये तलाई’ ही रचना इराणी घरांत पियानो शिकणारं जवळजवळ प्रत्येक मूल वाजवतं. कोरोन नाही, म्हणून ती कमी इराणी ठरली नाही. आणखी पुढे एमान्युएल मेलिक-अस्लानियान, अलीरेज़ा मशायेखी यांनी विसाव्या शतकातल्या आधुनिक पियानोची भाषा घेतली. लैला रमज़ान या पियानोवादिकेने शंभर वर्षांच्या इराणी पियानोसंगीताची ध्वनिमुद्रणमालिका केली आहे, ती आधी ऐका. आपण करतोय ते पहिल्यांदाच होतंय हा गैरसमज गेला की हात मोकळा होतो.

तर इथवरचा हिशेब असा. दुहेरी सुरावटीचं, गायकीच्या अंगाचं संगीत करायचं असेल तर पियानो जुळवून घ्या. कॉर्ड, पेडल, पाश्चात्त्य पियानोचा पूर्ण आवाका हवा असेल तर टेम्पर्ड ठेवा आणि चहारगाह, इस्फहान किंवा माहूरमध्ये राहा. शूर हवाच असेल तर पुढचं वाचा, कारण तिथे एक मधली वाट आहे आणि मला तीच सर्वांत आवडते.

‘डी’वरच्या शूरमध्ये नीट पाहा: हलणारा स्वर मुख्यतः एकच, ई. बाकी डी, एफ, जी, बी फ्लॅट, सी हे पियानोवर जवळपास जसेच्या तसे मिळतात. पाचवा स्वर ‘ए’ मात्र दुटप्पी आहे. चढताना शुद्ध, उतरताना पुष्कळदा कोरोन. अशा बदलत्या स्वराला तिकडे मुतगय्यिर म्हणतात. आता डाव्या हाताला काय सुचतं? पाश्चात्त्य शिक्षण असेल तर डी–एफ–ए. हिंदुस्थानी कान असेल तर तानपुऱ्यासारखा डी–ए. दोन्ही घोटाळ्याचे. सुरावट ए कोरोनवरून खाली येत असताना डाव्या हातात शुद्ध ‘ए’ घुमत असेल तर ते टोचतं, आणि ते टोचणं रंगतदार नसून निव्वळ बेसूर असतं. पंचमाऐवजी मध्यम धरा: डी–जी. त्यावर सी चढवा, डी–जी–सी झालं. किंवा जी–सी–एफ. चौथ्या-चौथ्या स्वरांनी रचलेले हे कॉर्ड आहेत, आणि त्यांत ‘ई’ कुठेच नाही, ‘ए’ही नाही. म्हणजे जे स्वर हलतात ते फक्त उजव्या हातात, फक्त सुरावटीत. डावा हात त्यांना शिवत नाही.

हे माझं संशोधन नव्हे. इराणी सुरावट चार स्वरांच्या तुकड्यांवर, म्हणजे दांगवर, उभी असते, त्यामुळे चौथ्या स्वराचा आधार तिला मानवतो. मुर्तझा हन्नाने (१९२३–१९८९) या संगीतकाराने इराणी संगीतासाठी तिसऱ्या स्वरांऐवजी चौथ्या स्वरांवर बेतलेली हार्मनी मांडली, ती याच विचाराची. तिसऱ्या स्वरांनी कॉर्ड बांधलात तर काय होतं ते स्वतः करून पाहा. ‘ई’ उतरवलेल्या पियानोवर सी–ई–जी वाजवा: मेजरही नाही, मायनरही नाही. एखाद्या ठिकाणी मुद्दाम वापरायला हा आवाज सुंदर आहे. ए–सी–ई वाजवा: पंचम इतका आखूड झालेला असतो की कॉर्ड लडबडतो. हा कुठेही वापरू नका.

चहारगाहात मोह उलटा आहे. सी, ई आणि जी तिन्ही पक्के स्वर, त्यामुळे सी मेजर कॉर्ड हात जोडून उभा असतो. लावलात की सुरावट एकदम ‘पौर्वात्य’ सजावट होऊन बसते, सिनेमातल्या वाळवंटासारखी. ‘ई’ला डाव्या हातातून काढा. सी–जी चालेल, सी–एफ चालेल. आणि ‘बी’वरून ‘सी’वर येताना खाली जी–बी–डी–एफ ठेवून पाश्चात्त्य पद्धतीचा समारोप करू नका. फुरूदला असा ढकलणारा कॉर्ड लागत नाही. शूरचा फुरूद चौथ्या स्वराकडून पायरीपायरीने उतरत येतो, जी, एफ, ई कोरोन, डी, आणि शेवटचा ‘डी’ रेंगाळत पुन्हापुन्हा वाजवला जातो. त्या उतरणीखाली डावा हात गप्प राहिला तरी चालतं. बहुतेक वेळा मी गप्पच ठेवते.

जुळवणीचं प्रत्यक्ष काम. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर ‘ई’ सात आहेत. सातही उतरवायची गरज नाही. मधले तीन-चार उतरवा, खालचे तसेच राहू द्या. डावा हात त्यांना वापरणारच नाही. संतूरवरही वेगवेगळ्या सप्तकांत वेगळी जुळवणी असते. ‘ई’ ४० ते ६५ सेंट खाली यायला हवा. मी साधारण मधला आकडा सांगते आणि मग एखादं चांगलं सेतारवादन लावून कानाने पक्कं करून घेते. मधल्या सप्तकांत एका पट्टीला तीन तारा असतात, त्या तिन्ही एकमेकींशी तंतोतंत जुळायला हव्यात, नाहीतर कोरोनऐवजी नुसता थरथरता आवाज मिळतो. उतरलेली तार काही तासांत थोडी वर सरकते, म्हणून ट्यूनरचा दुसरा हात दुसऱ्या दिवशी लागतोच. मुंबई-पुण्यात पावसाळ्यात हा उद्योग करू नका. हवेतल्या दमटपणाने पियानो स्वतःच हलत असतो.

ए कोरोन हवाच असेल तर एक युक्ती आहे. शूर ‘डी’मध्ये जी शार्पची काळी पट्टी रिकामी पडलेली असते. एकाच सप्तकातली ती पट्टी ४० सेंटच्या आसपास चढवली की शुद्ध ‘ए’ पांढऱ्यावर आणि कोरोन ‘ए’ शेजारच्या काळ्यावर, दोन्ही हाताशी. तार चढवताना तुटायची भीती उतरवण्यापेक्षा जास्त, म्हणून जुन्या, गंजलेल्या तारांवर नको. आणि बोटांना वेळ द्या. डोळ्यांना जी शार्प दिसतंय आणि कानाला जवळजवळ ‘ए’ ऐकू येतोय, ही गोष्ट पहिल्या काही बैठकांत फार छळते.

पियानोला हात लावण्याआधी सगळं डिजिटलवर करून पाहा. रोलँडच्या बऱ्याच डिजिटल पियानोंमध्ये जुळवणीच्या पर्यायांत ‘अरेबिक’ असतो. तो इराणी नव्हे, पण कान तयार करायला चालतो. संगणकावर पियानोटेकसारख्या प्रणालीत प्रत्येक स्वर हव्या त्या सेंटवर ठेवता येतो, तिथे १३५ आणि १५० यांतला फरक शेजारी शेजारी ऐका. एकदा ऐकलात की मी आकड्यांचा एवढा आग्रह का धरते ते कळेल. आणखी एक तोडगा: नेहमीचा पियानो आणि शेजारी पाव सुराने उतरवलेला दुसरा. चार्ल्स आइव्ह्झने १९२०च्या दशकात दोन पियानोंसाठी तसे तुकडे लिहिले आहेत. दोन पियानो कुणाच्या घरी असतात म्हणा, पण दुसऱ्याच्या जागी छोटा कीबोर्ड ठेवून घरच्या मैफलीत भागतं.

हातांबद्दल आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रातल्या लोकांना, एक वारसा आयता मिळालेला आहे. पेटीवर मींड नाही, श्रुती नाहीत म्हणून केवढा वाद झाला. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही गोविंदराव टेंब्यांपासून पुढच्या पेटीवाल्यांनी कणस्वर, मुरकी, दाबाचा चढउतार यांतून पट्टीवर गायकी उभी केली. पियानोवर भाता नाही, पण कणस्वर आहेत. इराणी संगीतात तकये म्हणून एक अलंकार आहे: मुख्य स्वर, वरच्या स्वराला ओझरता स्पर्श, पुन्हा मुख्य स्वर. गायकाच्या तहरीरमध्ये, गळा तुटल्यासारखा वर उडी मारतो त्या तानेत, हाच स्पर्श सतत येतो. पियानोवर तो लिहिताना नेहमीच्या छोट्या स्वरासारखा ठोक्याआधी लिहून भागत नाही. मुख्य स्वर आधी स्पष्ट वाजला पाहिजे, मग वरचा अगदी हलका, जवळजवळ गिळलेला. चौथ्या-पाचव्या बोटाने तो हलका राहतो. तिसऱ्याने घेतलात तर ठळक होतो आणि मोझार्टचा वास येतो.

संतूरकडूनही घ्या. ७२ तारा, प्रत्येकी चार तारांचे १८ घोडे, आणि दोन हलक्या मिज़राबांनी मारायचं. आपल्या परिचयाच्या काश्मिरी संतूरचं हे चुलत भावंड. स्वर लांबवायला त्यावर रीज़ करतात, म्हणजे दोन्ही हातांनी भरभर आघात. पियानोवर एकाच पट्टीवर बोटं बदलून किंवा सप्तकाच्या दोन पट्ट्यांमध्ये हात थरथरवून ते साधतं, पण सतत करू नका, रीज़ सुरू कुठे होते आणि विरते कुठे यातच तिचं सौंदर्य आहे. संतूरवर तारा आपोआप घुमत राहतात, म्हणून पेडल अर्धं दाबून ठेवायचा मोह होईल. दरामदपुरतं ठीक आहे. चहारमिज़राब, म्हणजे जलद, ठेक्यातला तुकडा घेतलात की पेडल जवळजवळ काढा, त्यातली पायाची आवर्ती सुरावट कोरडी, लख्ख ऐकू आली पाहिजे.

लयीबद्दल थोडक्यात सांगणार होते, पण हा भाग मला फार प्रिय आहे. वर उपशाखांसाठी आलेल्या ‘आवाज’ या शब्दाचा दुसरा अर्थ म्हणजे मुक्त लयीतलं गायन. त्याला ठेका नसतो, पण तो मोकाट नसतो. त्याचा कणा हाफिज़-सादींच्या वृत्तांचा असतो. मराठी गझल लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना लघू-गुरू शिकवावे लागत नाहीत; माधव जूलियन फारसीचे जाणकार होते आणि तिथूनच ती वृत्तं आपल्याकडे आली. किरिश्मे नावाचा एक गूशे अनेक दस्तगाहांत येतो. त्याची लय अशी: लगालगा ललगागा. मोठ्याने म्हणून पाहा. लघूला एक आणि गुरूला दोन धरले तर सहा अधिक सहा. पण पहिल्या सहांचा डौल आणि दुसऱ्या सहांचा डौल निराळा. हे सहा-आठच्या दोन मापांत कोंबलंत तर डौल जातो. मी मापाच्या रेषा काढतच नाही. फक्त ओळीच्या शेवटी श्वासाची खूण करते आणि गुरूवर छोटी आडवी रेघ. पाश्चात्त्य शिक्षण झालेले वादक सुरुवातीला कुरकुरतात, दोन वेळा ‘लगालगा’ म्हटल्यावर वाजवतात.

आता तुमची दुसरी शंका, नकलीपणाची. अस्सल काय यावर इराणमध्येच एकमत नाही. वझीरींनी पॅरिस-बर्लिनहून परतून १९२०च्या दशकात संगीतशाळा काढली, कॉर्ड, वाद्यवृंद, पाश्चात्त्य लिपी आणली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस नूर अली बुरूमंद यांच्यासारख्यांनी रदीफ जुन्या रूपात टिकवायचा आग्रह धरला, आणि त्या मंडळींना पियानो फारसा रुचला नाही. तुम्ही पियानो घेतलात म्हणजे या वादात एक बाजू आधीच घेतली आहे, ती मान्य करून पुढे जा. नकली कशाने वाटतं सांगू? नाव घेतलं, चव घेतली, आणि रचनेला कोणत्याही गूशेशी देणंघेणं नाही, अशाने. तरीही तो मार्ग वर्ज्य नाही. कैखुसरू शापुरजी सोराबजी (१८९२–१९८८), पारशी वडिलांचा इंग्लंडमधला मुलगा, पियानोवादक आणि संगीतकार. त्याने १९४० साली सादीच्या ‘गुलिस्तान’वरून पियानोसाठी एक प्रदीर्घ निशागीत लिहिलं. त्यात दस्तगाह शोधू नका, सापडणार नाही. तिथे फारसी आहे तो बागेचा दरवळ. तो तसं स्पष्टपणे करतो म्हणून ते खरं वाटतं. तुम्ही कार्यक्रमपत्रिकेत ‘शूर दस्तगाह’ लिहिणार असाल तर मात्र शूर ऐकू आला पाहिजे. तेवढी खात्री नसेल तर नाव दुसरं द्या.

आणि ते अंतर, ते १३५ सेंटच, तुम्हाला मुळात भुरळ घालत असेल तर पियानोचा हट्ट सोडा. रज़ा वली या इराणी-अमेरिकन संगीतकाराने इराणी स्वरांतरांसाठी तंतुचौकडीकडे मोर्चा वळवला, कारण व्हायोलिनवर बोट हवं तिथे ठेवता येतं. पियानो आणि एक व्हायोलिन असं करूनही पाहता येईल: कोरोन सगळे व्हायोलिनकडे, पियानोकडे चौथ्या स्वरांचा आधार.

तुमच्या जागी मी असते तर शूर ‘डी’मध्ये घेतला असता. मिर्झा अब्दुल्लाच्या रदीफातलं शूरचं दरामद, बुरूमंद किंवा दारिउश तलाई यांच्या वादनातून, ऐकून पाठ केलं असतं, लिहून नव्हे. मग किरिश्मे, मग वरच्या सुरांतला शहनाज़सारखा एखादा गूशे, मग छोटं चहारमिज़राब आणि फुरूद. उजवा हात एकटाच आधी पूर्ण लिहायचा. तो एकटा वाजवून आठ मिनिटं तगतो का पाहायचं. नाही तगला तर कॉर्ड घालून तगणार नाही. त्यानंतरच डी–जी–सी. पहिला मसुदा झाला की तो डिजिटलवर वाजवून एखाद्या तार किंवा संतूर वाजवणाऱ्याला ऐकवा. पुण्यात इराणी विद्यार्थी शोधलेत तर सापडतात, आणि चहा पाजलात तर खरं बोलतात.

सभागृहात वाजवणार असाल तर पट्ट्या उतरवायची परवानगी लेखी घ्या, आणि करारात कार्यक्रमानंतर पियानो परत जुळवण्याच्या दोन फेऱ्यांचे पैसे धरा. चढवलेल्या तारा पहिल्या फेरीनंतर पुन्हा खाली बसतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे शोपँ वाजवणारा माणूस तुम्हालाच फोन करतो.